गजाला लागलेली हळद

दसऱ्याच्या सकाळी माझ्या आईने नात्सुकोच्या व्हायोलिनच्या गजाला तेल लावलं. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता नात्सुको लंडनमध्ये ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणार होती. मी पंधरा वर्षांची होते आणि जिन्यात बसून पुस्तक वाचत होते.

नात्सुको गेली त्याला आता सात महिने झाले. इथल्या वर्तमानपत्रांत तिच्यावर लेख आले, ते मी कापून ठेवले आहेत. स्लाऊच्या लायब्ररीत तीस वर्षं काढलेल्या बाईला कात्रणं टाकवत नाहीत. त्यांत तिचं जपानमधलं गाव आहे, शिक्षकांची नावं आहेत, तिने कुठल्या कुठल्या देशांत वाजवलं त्याची यादी आहे. आमच्याबद्दल एकच वाक्य आहे: सुरुवातीची काही वर्षं ती पश्चिम लंडनमध्ये एका कुटुंबाकडे राहत होती. एका लेखात मात्र तिच्या गजाबद्दल लिहिलंय. गजाच्या मुठीजवळ जो पिवळा डाग होता, तो म्हणे एका भारतीय गुरूने दिलेला आशीर्वाद. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. गुरू म्हणजे माझी आई. हीथ्रोजवळ विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचं एक किचन होतं, तिथे ती डोक्याला जाळी लावून सकाळच्या शिफ्टला जायची.

आमचं घर हाउन्सलोला होतं, एका रांगेतल्या घरांपैकी शेवटून दुसरं. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, त्यातली मागची अगदी लहान, पलंग ठेवला की दार अर्धंच उघडायचं. ती भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत लावायला आईने स्वतः कार्ड लिहिलं. 'रूम टू लेट. वी कुक फिश. म्युझिक वेलकम.' बाबा म्हणाले, "अगं, माशांचं कशाला लिहिलंस? कोण येईल?" आई म्हणाली, "ज्याला वास चालत नाही त्याने आधीच येऊ नये. मागनं कटकट नको." म्युझिक वेलकम का लिहिलं ते मात्र तिने सांगितलं नाही. लग्नाआधी ती पाच वर्षं गाणं शिकली होती. हाउन्सलोला आल्यावर कांदा चिरताना गुणगुणण्यापलीकडे तिचं गाणं उरलं नव्हतं.

कार्ड लावल्यावर दोन दिवसांनी एक एकोणीस वर्षांची मुलगी दारात उभी राहिली. पाठीवर व्हायोलिन, हातात एकच बॅग. आधीच्या घरमालकिणीने आवाजावरून तिला घालवलं होतं. तिने कागदावर उतरवून आणलेली कार्डावरची दोन वाक्यं बोट ठेवून विचारली, खरंच मासे? खरंच म्युझिक? त्या दिवशी आईने बांगडे आणले होते. नात्सुकोने ते बघितले आणि तिचा चेहराच बदलला. तिच्या घरीही हाच मासा, फक्त मीठ लावून भाजलेला. आईच्या मते ते आजाऱ्याचं जेवण. नात्सुकोच्या मते आईचा लाल मसाला म्हणजे माशावर अन्याय. ही स्पर्धा पुढे तीन वर्षं चालली. दर शनिवारी अर्धे बांगडे हिचे, अर्धे तिचे, आणि बाबा दोन्हींकडचे खाऊन कुणाच्याच बाजूने बोलायचे नाहीत. महिन्याभरात ती आईला आई आणि बाबांना बाबा म्हणायला लागली. मी तिला नात्सुताई म्हणायचे. आई तिला नात्सू म्हणायची, आणि दोघी ज्या भाषेत बोलायच्या ती इंग्रजीही नव्हती आणि मराठीही नव्हती. "नात्सू, लिटल मोअर आमटी?" "नो आई, पुरे. बास. पोट फुल."

आमच्या घरावरून विमानं जायची. बाबा विमानतळावर फिटर होते, त्यांना आवाजावरून विमान ओळखता यायचं, त्यामुळे त्यांना त्याचा त्रास कधी वाटला नाही. नात्सुताईने पहिल्या आठवड्यात कानांवर हात ठेवले. मग तिने एक पद्धत काढली. विमान आलं की ती गज तारेवर तसाच टेकवून थांबायची, हलायची नाही, आणि विमान गेलं की त्याच सुरावर, त्याच जोराने पुढे जायची. पुस्तकातलं पान उलटावं तसं. खालून आई ओरडायची, "गेलं गं विमान!" आणि वरून व्हायोलिन सुरू व्हायचं. मी माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून वाचायचे. ती भिंत तिच्या खोलीची होती. शाळेतली बहुतेक पुस्तकं मी तिच्या सरावासह वाचली. आजही काही कादंबऱ्या उघडल्या की मला आधी चढतं सप्तक ऐकू येतं, मग वाक्य दिसतं.

रोज सुरुवात करण्याआधी ती गजाला राळ चोळायची. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. ते नुसते तारेवरून घसरतात. राळ लागली की ते तारेला धरतात, आणि धरलं तरच सूर निघतो. हे तिने मला एकदा सविस्तर सांगितलं होतं, राळेचा मधासारखा खडा माझ्या हातात देऊन. त्याची पांढरी पूड गजावर, व्हायोलिनवर, तिच्या काळ्या स्वेटरवर सगळीकडे पडायची. म्हणजे घरातल्या चौघांपैकी ती पूड काय आहे हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी तिची शिकायची मुदत संपत आली. डिसेंबरनंतर जपानला परत जायचं, आणि तिथल्या एका शाळेत मुलींना शिकवायचं, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. नोकरीही बघून ठेवली होती. इथे राहायचं तर इथे काम मिळायला हवं होतं, आणि काम मिळवून देणारी माणसं कोणीतरी आधी ऐकलेल्यालाच ऐकायला येतात. तिची शिक्षिका, मिसेस हार्कर, सत्तरीच्या, बोलायला तिखट. त्यांनी खटपट करून तिला एका ऑर्केस्ट्राबरोबर एक कार्यक्रम मिळवून दिला. ठरलेला वादक आजारी पडला होता. एक एजंट ऐकायला येईल, असं त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. "हा एकच," त्या म्हणाल्या होत्या. "दुसरा मी मागू शकणार नाही." तो कार्यक्रम दसऱ्याच्या दिवशी आला.

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या नळाला चक्का टांगलेला होता, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात. खाली पातेल्यात पाणी टपटपत होतं. आईने विचारलं, "नात्सू, टुमारो अवर दसरा. आम्ही कामाच्या वस्तूंची पूजा करतो. बाबांचे पाने, माझं शिवणाचं मशीन, मिनूची पुस्तकं. तुझं व्हायोलिन ठेवू का पाटावर?" नात्सुताईला हे समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, तिच्याकडे मोडलेल्या सुयांचे आभार मानतात, त्यांना शेवटी मऊ टोफूमध्ये टोचून ठेवतात, आयुष्यभर कडक कापडात काम केलं म्हणून. आईला हे इतकं आवडलं की तिने बाबांना दोनदा सांगितलं. "ठेवा," नात्सुताई म्हणाली. "प्लीज. उद्या चांगला दिवस." सकाळी आंघोळ करून तिने स्वतःच्या हाताने व्हायोलिन आणि गज पाटावर ठेवला, नमस्कार केला, आणि जवळच्या हीथच्या माळावर फिरायला गेली. कार्यक्रमाच्या दिवशी ती सकाळी तासभर वाद्याशिवाय चालायची.

आमच्याकडे दसऱ्याला पुस्तकं पूजेत असतात, त्या दिवशी वाचायचं नाही. मी माझी सगळी पुस्तकं पाटावर ठेवली होती, एक सोडून. ते जर्सीच्या आत लपवून मी जिन्यात बसले होते, वरून पाचव्या पायरीवर, जिथून आई दिसत नाही पण तिचा आवाज येतो. आई पाटापुढे बसली होती. तिने पाने पुसले, मशीन पुसलं. मग तिला गज दिसला. त्यावरची पांढरी पूड दिसली. इतकी टापटिपीची मुलगी, आणि आजच्या दिवशी वस्तूवर ही धूळ. आईच्या गाण्याच्या गुरुजींच्या घरी दसऱ्याला तंबोऱ्याचं लाकूड खोबरेल तेलाचा बोळा फिरवून चकचकीत करायचे. तिने वाटी घेतली. आणि मग, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, तिने विचारलं.

"मिनू, ह्या गजावर काय हे पिठासारखं? पुसून तेल लावू ना जरा?"

मी पान उलटलं आणि म्हटलं, "हं."

साडेदहाला नात्सुताई परत आली. गाल लाल झालेले, एकदम खुशीत. पाटावर शेवंती, हळद-कुंकू, उदबत्ती. तिने व्हायोलिन उचललं, आईला म्हणाली, "थँक यू, आई, किती सुंदर," आणि उभ्या उभ्या गज तारेवर ठेवला. आवाज आला नाही. गज बर्फावरून गेल्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. तिने पुन्हा ओढला. मग तिने केसांना बोट लावलं आणि बोटाकडे बघितलं.

आईला कळायला एक क्षण लागला. तेलाची वाटी अजून तिच्या हाताशीच होती. मी जिन्यातून खाली आले होते, पुस्तक पाठीमागे धरून. आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती नात्सुताईकडे बघून म्हणाली, "मी लावलं. कुणाला विचारलं नाही. माय मिस्टेक, नात्सू. कुणालाच विचारलं नाही मी."

बाबा रात्रपाळी करून आले होते, ते आवाज ऐकून बनियनवरच खाली आले. "स्पिरिटने पुसू," ते म्हणाले, "ग्रीस निघतं त्याने." आई म्हणाली, "अहो, केस आहेत ते! शिकेकाई लावते, दोन मिनिटांत निघेल." दोघं त्या गजावर वाद घालायला लागले तेव्हा नात्सुताई हसली. खरंच हसली. मग तिने घड्याळ बघितलं आणि फोनपाशी गेली. मिसेस हार्कर काय बोलल्या ते खोलीभर ऐकू आलं. नको ते शब्द संपल्यावर त्यांनी एक पत्ता दिला. गजाचे केस बदलणारा माणूस, त्यांच्या ओळखीचा. तालीम तीन वाजता. नाहीच झालं तर माझा गज घे. नात्सुताई नम्रपणे हो म्हणाली आणि फोन ठेवून मला म्हणाली, "दुसऱ्याचा गज म्हणजे दुसऱ्याचा हात. मिनू, कोट घाल."

मला का नेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. पिकाडिली लाइनवर आम्ही दोघी शेजारी बसलो, तिच्या मांडीवर व्हायोलिन. प्रत्येक स्टेशनवर मला वाटायचं, दारं बंद झाली की सांगू. आणि दारं बंद व्हायची. तिने डब्यातून आईने घाईत भरून दिलेल्या दोन पुऱ्या काढल्या आणि एक मला दिली. "खा. आज काम मोठं आहे."

वर्कशॉप एका दुकानाच्या वर होतं. सरसाचा आणि लाकडाचा वास. चष्मा कपाळावर चढवलेला एक म्हातारा ॲप्रन घालून बसला होता. त्याने गज हातात घेतला, नाकाशी नेला, आणि म्हणाला, "कोकोनट?" त्याने पुन्हा एकदा वास घेतला. "माझी बायको जमैकाची आहे. हा वास मी झोपेतही ओळखेन." मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "हू डिड धिस?"

"माय मदर," नात्सुताई म्हणाली.

"जपानमध्ये गजाला तेल लावतात?"

"हाउन्सलोमध्ये," ती म्हणाली.

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. पण त्याचे हात थांबले नाहीत. कात्रीने त्याने एकदाच कापलं आणि जुने केस खाली पडले. कपाटातून पांढऱ्या केसांची जुडी काढली, ती पाण्याने ओली करून बारीक फणीने विंचरली, दोऱ्याने बांधली, लाकडाच्या इवल्याशा पाचरीने बसवली. रविवारी सकाळी आई माझी वेणी घालायची तसंच, फक्त जास्त सावकाश. जुनं वार्निश जिथे अंगठ्याने झिजलं होतं, त्या उघड्या लाकडात तेल आणि हळद दोन्ही मुरली होती. त्याने फडक्याने घासून बघितलं. "खरवडावं लागेल. करू?" नात्सुताईने क्षणभर त्या डागाकडे बघितलं. "नको," ती म्हणाली. "लीव्ह इट."

नवे केस सुकले तेव्हा दोन वाजून गेले होते. मग ती त्या इमारतीच्या जिन्यात बसून राळ चोळत राहिली, आणि मोकळ्या तारांवर लांब, कंटाळवाणे सूर ओढत राहिली. आधी नुसतं खरखरलं, मग हळूहळू केस तारेला धरायला लागले. खालच्या दुकानातली बाई दोनदा वर बघून गेली. मी दोन पायऱ्या खाली बसले होते. माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. त्या दिवसात मी पहिल्यांदाच नुसती बसले होते आणि ऐकत होते. तालमीला आम्ही दहा मिनिटं उशिरा पोहोचलो. कंडक्टरने घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने वाकून माफी मागितली आणि कारण सांगितलं नाही.

संध्याकाळी आई-बाबा आले. आई हिरव्या पैठणीवर जाड कोट घालून, डोळे सुजलेले, पर्समध्ये श्रीखंडाचा डबा. आम्ही चौदाव्या रांगेत बसलो. नात्सुताई निळ्या झग्यात बाहेर आली, लहानशी दिसली. ती वाजवायला लागली तेव्हा आईने माझा हात धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. पहिल्या काही मिनिटांत एका उंच सुरावर गज जरा घसरला, मला कळलं, आईलाही कळलं असावं, कारण तिची नखं रुतली. नात्सुताईच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग ऑर्केस्ट्रा थांबतो आणि व्हायोलिन एकटं वाजतं ती जागा आली. मध्येच, कागदावर नसलेल्या एका ठिकाणी, ती थांबली. गज तारेवर टेकलेला, ती हलत नव्हती. कंडक्टरने मान वळवली. सबंध हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही. मला वाटलं, संपलं. आई मात्र माझ्या कानाशी अगदी शांतपणे म्हणाली, "विमान जातंय." आणि थोड्या वेळाने, "गेलं." त्याच सुरावर, त्याच जोराने व्हायोलिन पुढे गेलं. तिथून शेवटपर्यंत तो गज एकदाही घसरला नाही.

पुढचं सगळं कात्रणांमध्ये आहे. एजंटने तिला सोमवारी बोलावलं. वसंतात तिने तीन शहरांत वाजवलं, त्यानंतरच्या हिवाळ्यात कॅसेट निघाली. तिच्या वडिलांनी जपानहून पत्र पाठवलं, त्यात शाळेच्या नोकरीचा उल्लेखच नव्हता, आणि आईसाठी वाळवलेल्या माशांचं एक पाकीट होतं. नव्वदच्या दशकात ती आमच्याकडे राहत नव्हती, पण पोस्टरवरून आम्हाला तिचा पत्ता लागायचा. एकदा बाबांनी काम करून पाठवलेल्या विमानातूनच ती टोकियोला गेली, तेव्हा ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. हे मात्र कात्रणांत नाही. दसऱ्याच्या त्या संध्याकाळी स्टेजमागे लोक फुलं घेऊन उभे होते. आईला पुढे जाववत नव्हतं. नात्सुताईने व्हायोलिनच्या पेटीतून आमच्या मागच्या कुंपणावरच्या वेलीचं पान काढलं. हाउन्सलोला आपट्याची पानं मिळत नसत, आम्ही तीच सोनं म्हणून वाटायचो. ती सगळ्यांच्या मधून आली, आईच्या हातात पान ठेवलं, आणि वाकून पायांना हात लावला. "सोनं घ्या, आई." आई रडतच म्हणाली, "आधी श्रीखंड खा. सकाळपासून दोन पुऱ्यांवर आहेस."

बऱ्याच वर्षांनी, एका दसऱ्याला ती जेवायला आली होती, तेव्हा मी तिला गाडीने हीथ्रोला सोडायला गेले. गाडीत मी सांगितलं. "नात्सुताई, त्या दिवशी आईने मला विचारलं होतं. मला राळ माहीत होती. मी हं म्हटलं." तिने मांडीवरची व्हायोलिनची पेटी नीट धरली. मग म्हणाली, "आईंनी मला सांगितलं की त्यांनी कुणाला विचारलं नाही. मी आईंचं ऐकते." थोड्या वेळाने तिने विचारलं, "कुठलं पुस्तक होतं?" मला आठवलं नाही. आजही आठवत नाही. ज्याच्यासाठी मी मान वर केली नाही, ते पुस्तक कुठलं होतं ते मला माहीत नाही. आईशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही, आणि आई जाईपर्यंत ती प्रत्येक पाहुण्याला तीच गोष्ट सांगत राहिली, मी बावळट, कुणाला न विचारता तेल लावलं, आणि सांगताना माझ्याकडे कधीही बघितलं नाही.

गेल्या महिन्यात एडिनबराहून एका मुलीचं पत्र आलं. नात्सुको शेवटची काही वर्षं तिथे शिकवत होती, ही तिची विद्यार्थिनी. गज आता तिच्याकडे आहे. तिने विचारलंय, लाकडावरचा पिवळा डाग कसला आहे, आणि तो काढावा का. मी तिला लिहिलं, ती हळद आहे, राहू दे. आणि केसांना तेल लावू नकोस.

आई नाही, बाबा नाहीत, नात्सुको नाही. गज एडिनबराला आहे आणि रोज वाजतो. पाट माझ्याकडे आहे. दसऱ्याला मी सगळी पुस्तकं त्यावर ठेवते, आणि त्या दिवशी वाचत नाही.